हॉटेल, लॉज आणि परमिट रूम: मुंबईच्या दर्शनी रस्त्यांचा हिशोब

जे ऐकण्यापेक्षा वाचणं पसंत करतात त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एकदोन गोष्टी इथं घातल्यात.

सुरुवात एका शब्दापासून करू. धाराशिवच्या स्टँडवर उतरून तुम्ही कुणाला विचारलं की "हॉटेल कुठंय?", तर तो चहा-भज्यांच्या दुकानाकडं बोट दाखवेल. मुक्कामाची जागा हवी असेल तर "लॉज" विचारावं लागतं. आणि बोर्डावर "परमिट रूम" लिहिलेलं दिसलं तर आत काय मिळतं, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. हॉटेल, लॉज, परमिट रूम. तिन्ही शब्द इंग्रजी, पण तिन्हींचे अर्थ आपण आपल्या गरजेप्रमाणं ठरवलेत. यातल्या किमान दोघांचा इतिहास मुंबईच्या दोन दर्शनी रस्त्यांशी आणि तिथल्या बड्या हॉटेलांशी जोडलेला आहे.

तुम्ही म्हणाल, ताज आणि मरीन ड्राइव्हचं आपल्याला काय? आपण तिकडं जातो ते मंत्रालयात काम अडलं म्हणून. पण ते रस्ते कुणाच्या पैशातून झाले आणि त्या पैशातलं परत काय आलं, हा हिशोब मांडायला बसलो की आपलं नाव त्यात दोनतीनदा येतं. म्हणून हा भाग.

तट पडला आणि रस्ता निघाला

आज ज्याला आपण "फोर्ट" म्हणतो, तिथं खरंच किल्ला होता. कंपनीच्या काळातली मुंबई तटबंदीच्या आत होती. तटाच्या बाहेर मोठी मोकळी जागा राखलेली होती, शत्रू आला तर तोफेच्या टप्प्यात उघडा पडावा म्हणून. तिला एस्प्लनेड म्हणायचे. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत हा तट पाडला गेला. मोकळ्या झालेल्या जमिनीचे प्लॉट पाडून लिलाव झाले आणि मधून रुंद रस्ता गेला, एस्प्लनेड रोड. आजचा महात्मा गांधी रोड तो हाच. हुतात्मा चौकातून काळा घोड्याकडं जाताना आपण त्यावरूनच चालतो.

मग मैदानाच्या कडेला एकेक इमारत उभी राहिली: सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. एक गोष्ट लक्षात ठेवा, तेव्हा या इमारतींचं तोंड समुद्राकडं होतं. समोर मैदान, पलीकडं रेल्वेची लाइन आणि लगेच पाणी. आज हायकोर्टाच्या समोर समुद्र दिसत नाही, कारण मधल्या काळात समुद्रच मागं ढकलला. तो विषय पुढं येतोच.

एवढा पैसा आला कुठून? कापसातून. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडं तोंड वळवलं. मुंबईत कापसाचे भाव भडकले. वऱ्हाड आणि खानदेश हे मोठे मुलूख, पण आपल्या बाजूचा मालही बार्शी-सोलापूरच्या बाजारातूनच पुढं जायचा, आणि रेल्वे १८६० साली सोलापुरापर्यंत येऊन पोहोचली होती.

इथं आपल्या इतिहासातली एक तारीख बसवून घ्या. १८५३ च्या तहात निजामानं वऱ्हाड आणि रायचूर दुआबासोबत धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला होता. मेडोज टेलर नळदुर्गला कारभार बघायला आले ते तेव्हाच. १८६० साली धाराशिव निजामाकडं परत गेलं, वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतलं. वऱ्हाड म्हणजे कापूस, त्यामुळं हा सौदा कुणाला फायद्याचा होता ते सांगायची गरज नाही.

मुंबईत आलेल्या त्या पैशानं सट्टा सुरू झाला. बॅकबे, म्हणजे चौपाटीपासून कुलाब्यापर्यंतची खाडी भरून जमीन काढायची म्हणून कंपनी निघाली. तिचा ५,००० रुपयांचा शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकला जाऊ लागला. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि कंपन्या बुडाल्या. त्या सट्ट्याचे राजे प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतला आहे, त्यांच्या आईच्या नावानं. टॉवर उभा राहिला, खाडी तशीच राहिली.

वॉटसन: इंग्लंडहून आणलेलं हॉटेल

याच एस्प्लनेडवर १८६४ च्या सुमारास जॉन हडसन वॉटसन या कापड व्यापाऱ्यानं प्लॉट घेतला. मनात होतं कापडाचं मोठं दुकान, झालं हॉटेल. रोलंड मेसन ऑर्डिश यांनी आराखडा केला. बिडाचे खांब आणि तुळया इंग्लंडमध्ये ओतल्या, जहाजातून मुंबईला आणल्या आणि इथं जोडल्या. आज आपण गोदामाचं शेड बोल्ट मारून उभं करतो, तसंच, फक्त पाच मजली आणि दीडशे वर्षांपूर्वी. १८७१ मध्ये वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल सुरू झालं. त्यात सुमारे १३० खोल्या होत्या.

७ जुलै १८९६ रोजी या हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे हलते फोटो दाखवले गेले. हिंदुस्थानातला हा पहिला सिनेमा. मराठी माणसासाठी पुढची गोष्ट महत्त्वाची: हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, या नव्या खेळानं इतके भारावले की त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचं चित्रीकरण केलं. आपल्याकडच्या सिनेमाची वाट अशी एका हॉटेलातून निघाली.

वॉटसन हे गोऱ्यांचं हॉटेल होतं. त्यावरूनच ती प्रसिद्ध गोष्ट सांगतात, की जमशेटजी टाटांना तिथं प्रवेश नाकारला आणि त्या अपमानातून त्यांनी ताज बांधलं. ऐकायला गोष्ट फक्कड आहे. पण चार्ल्स ॲलन यांच्यासारख्या ताजच्या इतिहासकारांना ती पटत नाही, आणि कारणही सरळ आहे. जमशेटजी गिरण्या, पोलाद, वीज आणि विज्ञान संस्था अशा चार आघाड्यांवर एकाच वेळी विचार करणारे गृहस्थ. एका दरवानावर रागावून त्यांनी एवढं भांडवल गुंतवलं, हे त्यांच्या स्वभावात बसत नाही. खरं कारण शोधायचं तर त्या वर्षांत शहराचं काय चाललं होतं ते बघावं लागतं.

प्लेग आणि ताज

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. लाखो माणसं शहर सोडून गावाकडं पळाली. गिरण्या ओस पडल्या, बंदरातल्या मालावर इतर देशांनी बंधनं घातली. मुंबई म्हणजे मरणाची जागा, असं नाव झालं. त्यावर सरकारनं १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि समुद्राची हवा आत घ्यायची, हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातून झाले. म्हणजे मुंबईचे रुंद रस्ते नुसत्या शोभेसाठी नाहीत, त्यामागं रोगाची भीती आहे. पण ज्यांची घरं पाडली त्या सगळ्यांना नवी घरं मिळाली नाहीत. रस्तारुंदी आणि विस्थापन ही जोडी तेव्हापासूनची.

याच वर्षांत जमशेटजींनी अपोलो बंदरावर हॉटेल बांधायला घेतलं. शहरावरचा विश्वास परत यावा असं काहीतरी उभं करायचं, हा हेतू त्यांच्या जवळच्यांनी नोंदवला आहे. आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. मराठी माणसानं काढलेला ताजचा नकाशा, हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही. काम पूर्ण व्हायच्या आत वैद्य वारले आणि उरलेलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं. १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. विजेचे दिवे होते, लिफ्ट होती, बर्फ तयार करायची सोय होती. पाच महिन्यांत, मे १९०४ मध्ये, जमशेटजी गेले.

आणखी एक अफवा इथंच मोडून काढू. ताज "उलटं" बांधलं गेलं आणि म्हणून शिल्पकारानं जीव दिला, असं गाइड लोक सांगतात. तसं काही नाही. पूर्वी मुख्य दार शहराच्या बाजूला होतं, गाड्या तिकडून यायच्या. आज तिथं पोहण्याचा तलाव आहे. दर्शनी बाजू समुद्राकडं, कारण पाहुणे बोटीनं यायचे. गेट वे ऑफ इंडिया तेव्हा नव्हताच, त्याचं उद्घाटन १९२४ च्या डिसेंबरात झालं. त्याआधी वीसेक वर्षं मुंबई बंदरात शिरणाऱ्याला लांबून दिसायचा तो ताजचा घुमट. पहिल्या महायुद्धात तर या हॉटेलचं ६०० खाटांचं इस्पितळ केलं होतं.

जवळच, आजच्या रीगल टॉकीजसमोर, १९०९ मध्ये मॅजेस्टिक हॉटेल उभं राहिलं. तेही चेंबर्स यांनीच बांधलेलं. नाव ओळखीचं वाटतंय ना? पुढं सरकारनं ते घेतलं आणि तिथं आमदार निवास केलं. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं औषधपाण्यासाठी, बदलीच्या कामासाठी मुंबईला गेली की "साहेबांच्या रूमवर" उतरायची. त्यातली काही मॅजेस्टिकमध्ये, म्हणजे एकेकाळच्या बड्या हॉटेलात झोपून आलेली आहेत, त्यांना कुणी सांगितलं नाही एवढंच.

समुद्र मागं ढकलला: मरीन ड्राइव्ह

आता दुसरा रस्ता. १८६५ ला बुडालेली बॅकबेची योजना १९२० च्या सुमारास पुन्हा वर आली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी ती हाती घेतली. बेत १,१४५ एकर जमीन काढायचा होता. समुद्रात दगडी भिंत घालायची, बंदरातला गाळ उपसून पाइपातून भिंतीच्या आत सोडायचा, गाळ बसला की जमीन तयार. कागदावर सोपं होतं. प्रत्यक्षात भिंत सच्छिद्र निघाली आणि भरलेला गाळ भरतीबरोबर वाहून जाऊ लागला. खर्च फुगत गेला.

हे चव्हाट्यावर आणलं वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन यांनी. खात्यातल्या हार्वे नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. लोक त्या योजनेला "लॉइडचा मूर्खपणा" म्हणू लागले. आठपैकी चारच तुकडे पुरे झाले, त्यातला एक मोठा लष्कराला दिला. जिथं उधळपट्टी झाली त्याच भरावाच्या टोकाला पुढं त्या वकिलाचं नाव मिळालं: नरिमन पॉइंट.

पण जी जमीन हाती आली तिच्यावर मरीन ड्राइव्ह झाला. चौपाटीकडच्या टोकाला १९१५ चा दगड आहे, "केनेडी सी फेस" नावाचा. म्हणजे उत्तरेकडून सुरुवात आधीच झाली होती. १९३० आणि ४० च्या दशकात कडेच्या इमारती उठल्या. सिमेंट-काँक्रीट नवं होतं, त्यामुळं गोल कोपरे, लांब गॅलऱ्या, सगळ्यांची उंची साधारण सारखी. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. ३० जून २०१८ ला युनेस्कोनं ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्हची पहिली ओळ जागतिक वारशात घेतली.

परमिट रूम कुठून आली

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई मुंबईचे गृहमंत्री होते. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा त्यांच्या काळातला. मोठ्या हॉटेलांतले बार, बँड, नाचाच्या संध्याकाळी, सगळ्यांना फटका बसला. गोव्याकडचे कितीतरी वादक या हॉटेलांच्या बँडवर पोट भरायचे, त्यातले पुढं हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरले.

पण परदेशी पाहुणे आणि प्रकृतीच्या कारणानं परवाना मिळालेले लोक यांच्यासाठी सवलत होती. हॉटेलात एक खोली वेगळी, परमिट दाखवायचं आणि प्यायची. हीच परमिट रूम. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, मग हे कायदेही आपल्याकडं आले. पुढं बंदी सैल झाली, शब्द तसाच राहिला. कायद्यानं आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याकडं परमिट लागतंच. म्हणजे सोलापूर रोडवरच्या ढाब्याचा बोर्ड हा मुंबईच्या बड्या हॉटेलांसाठी काढलेल्या पळवाटेचा वारस आहे.

दुसरा कायदा १९४७ चा. त्याचं पूर्ण नावच "भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण" असं होतं. भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. भाडेकरूला आधार मिळाला, आणि युद्धानंतरच्या टंचाईत तो गरजेचाही होता. पण भाडं वाढेना म्हणून मालक डागडुजी करीना. वॉटसनचं हॉटेल बंद पडून त्याचे गाळे झाले होते, समोर कोर्ट म्हणून वकिलांची ऑफिसं भरली. बिडाचे खांब गंजत गेले. २००५ मध्ये गॅलरीचा भाग कोसळून माणूस दगावला. २०१९ मध्ये इमारत रिकामी केली. आयआयटीच्या तज्ज्ञांनी पाडा म्हटलं, वारसा जपणारे वाचवा म्हणाले. एकेकाळी जिथं प्रवेशासाठी कातडीचा रंग बघत, तिथं आता कुणालाच प्रवेश नाही.

१९७२-७३: एकाच राज्यात दोन रस्ते

आता हिशोबाच्या कळीच्या ओळीवर येऊ.

१९७३ मध्ये मुंबईत दोन उंच हॉटेलं उभी राहिली. नरिमन पॉइंटच्या भरावावर ३५ मजली ओबेरॉय टॉवर्स, आणि ताजच्या शेजारी, जुनं ग्रीन्स हॉटेल पाडून, ताजचा नवा टॉवर.

त्याच वर्षी आपल्याकडं काय चालू होतं? ७२ चा दुष्काळ. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. सुकडी, अमेरिकेचा मिलो, आणि खडी फोडायची कामं. बायाबापड्या पोरं झाडाखाली निजवून दगड फोडत होत्या. आज आपण ज्या रस्त्यांवरून तालुक्याला जातो त्यातले कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव त्या हातांनी झालेत. त्यांना कुणी "दर्शनी" म्हटलं नाही, युनेस्कोची पाटी लागणार नाही. पण रस्ते तेही आहेत.

एवढंच सांगून थांबलो तर ती नुसती तक्रार होईल. पुढची गोष्ट अशी, की याच दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर पसरली. तिला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लागला. शहरातल्या पगारदारांकडून आणि धंदेवाल्यांकडून घ्यायचा, आणि तेवढीच रक्कम सरकारनं घालायची. नोकरी करणाऱ्यांनी पगाराची चिठ्ठी काढून बघा: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. तो हाच कर. नरिमन पॉइंटच्या ऑफिसातला साहेब असो की हॉटेलातला मॅनेजर, त्याच्या पगारातले थोडे पैसे आपल्याकडच्या कामांवरच्या मजुरीसाठी वळले. देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा या अनुभवावर उभा राहिला.

१८६० च्या दशकात पैसा इकडून तिकडं गेला तो बाजारानं नेला, कुणी विचारलं नाही. १९७५ मध्ये थोडा परत आला तो कायद्यानं आणला, कारण लोकांनी मागितला आणि कुणीतरी तो नीट लिहून काढला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

आता आपल्या दाराशी

२६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर नेमके ताज आणि ओबेरॉयमध्ये का घुसले, तेही यातून कळतं. शहराचं तोंड म्हणून जग ज्या इमारती ओळखतं त्यांच्यावर घाव घालायचा होता. आत अडकलेल्या पाहुण्यांना वाचवताना हॉटेलचे कर्मचारी गेले. वेटर, स्वयंपाकी, टेलिफोनवरची माणसं. ताजचा जुना भाग १५ ऑगस्ट २०१० ला पुन्हा उघडला.

आपल्याकडंही आता दर्शनी रस्त्याची भाषा सुरू झालीय. तुळजापूरला मंदिर परिसराच्या विकासाचे आराखडे आहेत, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेचं काम चालू आहे. गर्दी वाढणार, लॉज वाढणार, मोठी हॉटेलंही येतील. यायलाच पाहिजेत, पोरांना काम लागेल. पण मुंबईचा इतिहास हाताशी ठेवून काही प्रश्न आत्ताच विचारता येतात. रस्ता रुंद होताना ज्यांची दुकानं-घरं जातात त्यांना जागा कुठं? भराव असो की बांधकाम, खर्चावर नजर ठेवणारा नरिमन आपल्यात कोण? भाविकाला पिढ्यान्‌पिढ्या पुजाऱ्याच्या घरी मिळणारा मुक्काम टिकणार का? आणि त्या रस्त्यानं जो पैसा येईल, त्यातला किती परांडा-भूमच्या शिवारापर्यंत पोहोचेल?

ही उत्तरं आराखड्याच्या चित्रात नसतात. ती ग्रामसभेत, नगरपालिकेच्या बैठकीत आणि हरकतींच्या मुदतीत मागावी लागतात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

पुढच्या भागात तेरला जाऊ. दोन हजार वर्षांपूर्वी तगर नगरीचं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडं जात होतं, तेव्हा वाटेत मुक्कामाची सोय काय होती, ते बघू. तोवर राम राम.